कोकणातल्या जुन्या घराचं वायरिंग: सगळं उपसायचं की टप्प्याटप्प्याने?

पडवीवाला
देवगड तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. जांभ्याच्या भिंती, मंगळोरी कौलं, माजघरावर लाकडी माळा. घर पणजोबांचं, पण वीज आली सत्तरच्या दशकात, आणि तेव्हाचं वायरिंग बरंचसं तसंच आहे. सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी आवळलेली काळी चपटी वायर, लाकडी राउंड ब्लॉक, बेकेलाइटची गोल बटणं. ओटीवर लोखंडी पेटीतला मेन स्विच आणि शेजारी चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज. न्हाणीघर आणि पंपासाठी मध्येच कधीतरी वेगळ्या वायरी ओढल्यात. कुणी, कुठून, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही.

आईबाबा यापुढे वर्षातला बराच काळ तिथे राहणार. म्हणजे गीझर, वॉशिंग मशीन, इंडक्शन आणि एका खोलीत एसी एवढं हवंच. सध्याच्या तक्रारी: फ्रिजच्या दाराला ओला हात लागला की चुणचुणतं. मिक्सर लावला की माजघरातला दिवा मंदावतो. मागच्या पावसाळ्यापासून माजघरातल्या एका बोर्डाला आई हातच लावत नाही.

गावातला वायरमन म्हणतो, "काय होवचा नाय ओ, बोर्ड तेवढे नवीन घालूया नि मेनवर एमसीबी बसवूया" (एमसीबी म्हणजे लोड वाढला की वीज तोडणारा स्विच). पुण्याचा ठेकेदार म्हणतो, सगळं उपसा, भिंतींत झिरी मारून (खाचा पाडून) वायरिंग कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आत करा. चतुर्थीला घरात तीस माणूस असतं, त्याआधी निदान धोका तरी जावा अशी इच्छा आहे. कुणी असं घर केलंय का?

सोनटक्का
बाकी चर्चा होत राहील. तो माजघरातला बोर्ड आजच तोडून ठेवायला सांगा, फोन करून. बटण बंद ठेवणं पुरेसं नाही, मागची वायर सुटी करून टोकं झाकायला हवीत.

पडवीवाला
सांगितलं. शेजारचा मुलगा आयटीआयचा आहे, तो आज करतोय.

जुनाफ्यूज
कारखान्यात विद्युत देखभालीत नोकरी झाली, आता निवृत्त आहे. लांब लिहितो, कारण अशा घरांत लोक बोर्ड बदलतात, चकचकीत बटणं लावतात आणि मागची वायर तीच ठेवतात.

आधी आत काय आहे ते बघा. मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि एका राउंड ब्लॉकचं झाकण काढा. वायरचं आवरण नखाने दाबा. शेंगेच्या टरफलासारखं सुटून आलं तर ते रबर आहे आणि त्याचं आयुष्य संपलंय. त्याला हात लावाल तितकं ते आणखी फुटणार, त्यामुळे त्याच वायरला नवा बोर्ड जोडणं हे उलट धोक्याचं काम. आवरण अजून लवचीक असेल तर पीव्हीसी (प्लास्टिक) असू शकतं, मग थोडी उसंत आहे.

आता आतली तार. तांबं की ॲल्युमिनियम? साठच्या दशकापासून आपल्याकडे तांब्याची टंचाई होती आणि घरगुती वायरिंगमध्ये ॲल्युमिनियम सर्रास आलं. धातू वाईट नाही. पण हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर येतो, स्क्रूखाली दाबलेलं हळूहळू सरकतं, गरम-गार होऊन सांधा सैल होतो. तांब्याच्या तारेशी थेट पिळा मारला असेल तर दमट हवेत तिथे गंजही चढतो. आग सहसा वायरच्या मधल्या भागात लागत नाही, अशा सांध्यात लागते. मिक्सर लावल्यावर दिवा मंदावतो याचा अर्थ कुठेतरी सांधा सैल आहे किंवा लोडच्या मानाने वायर बारीक आहे. बोर्डाच्या लाकडावर तपकिरी डाग, जळकट मासळीसारखा वास, कोमट लागणारं प्लग टॉप, या तीन गोष्टी शोधा.

फ्रिजची चुणचुण म्हणजे अर्थिंग नाही. तीन पिनी सॉकेट दिसतं म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका. मागे उघडलंत तर वरचं भोक रिकामं असेल. किंवा त्याहून वाईट, कुणीतरी ते न्यूट्रलला जोडलेलं असेल. तसं असेल आणि मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर फ्रिजच्या पत्र्यावर थेट फेज येतो.

तुम्ही दोन किटकॅट म्हणालात. एक फेजवर, दुसरा न्यूट्रलवर असणार, जुनी पद्धत तशीच होती. न्यूट्रलचा उडाला की घरात अंधार होतो, माणूस निर्धास्तपणे होल्डरमध्ये बोट घालतो, आणि फेज तिथपर्यंत जिवंत असतो. न्यूट्रलमधला फ्यूज जायलाच हवा. त्याजागी दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल स्विच. बटणंही तपासा. जुन्या घरात बटण न्यूट्रल तोडतंय आणि होल्डरला कायम फेज आहे, हे इतक्या वेळा पाहिलंय की मी आता आश्चर्य करत नाही.

आणि त्या किटकॅटमध्ये कसली तार आहे तेही पाहा. १५ ॲम्पियरला कलई केलेली तांब्याची अर्धा मिलिमीटर जाडीची फ्यूज वायर लागते. घरोघरी वायरीतले पाच-सहा पदर पिळून घातलेले असतात, आणि मग 'आमचा फ्यूज कधी जात नाही' असं कौतुकाने सांगितलं जातं.

तुमचा हिशोब मांडू. २ किलोवॅटचा गीझर जवळपास ९ ॲम्पियर घेतो. इंडक्शन पूर्ण आचेवर तेवढंच. दीड टनाचा एसी ७-८. सकाळी हे तिन्ही एकदम चालले तर २५ ॲम्पियर, आणि त्या वेळची वायर बहुधा तीन-बावीसची (बावीस गेजच्या तीन तारांची), म्हणजे आजच्या भाषेत सव्वा चौरस मिलिमीटरच्या आसपास. पन्नास वर्षांपूर्वी हे घर चार दिवे, एक पंखा आणि रेडिओसाठी वायर केलं होतं, त्या कामाला ते पुरेसं होतं.

माझा क्रम असा: अर्थिंग, मग मेनची नवी पेटी आरसीसीबीसकट (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच), मग गीझर-एसी-इंडक्शन-वॉशिंग मशीनसाठी प्रत्येकी नवी स्वतंत्र लाइन थेट पेटीपासून, आणि त्यानंतर जुन्या दिव्यांच्या लाइन एकेक खोली करून. चतुर्थीपर्यंत पहिल्या तीन गोष्टी झाल्या तरी मोठा धोका गेला.

पेठेतलावाडा
जुनाफ्यूज यांच्याबद्दल आदर राखून, शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. आमच्या वाड्यात आम्ही असंच टप्प्याटप्प्याने केलं. 'उरलेल्या खोल्या नंतर' म्हणून ठेवलेल्या अजून नंतरच आहेत. वर प्रत्येक टप्प्याला वेगळा माणूस आला, त्याने आधीच्याला शिव्या दिल्या आणि जुनं-नवं जोडणारा एक सांधा माळ्यावर कुठेतरी सोडून गेला. सगळं एकदम करा. त्रास एकदाच, पैसे एकदाच.

जुनाफ्यूज
तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे. म्हणून एक अट घालतो: जुन्या वायरला नवी वायर कुठेही जोडायची नाही. नवी लाइन पेटीतून निघेल ती सॉकेटवरच संपेल, मध्ये सांधा नाही. जुनी लाइन जोवर आहे तोवर फक्त दिवे-पंखे, ६ ॲम्पियरच्या एमसीबीवर. आणि आवरण रबरी निघालं तर माझंही मत सगळं एकदम उपसा असंच आहे.

पडवीवाला
झाकण उघडून फोटो आला. पडवी आणि माजघरात रबर, हात लावताच भुगा. दोन खोल्यांत मात्र पांढरी पीव्हीसी आहे, आत ॲल्युमिनियम. ती नंतर कधीतरी केलेली असणार.

जुनाफ्यूज
मग प्रश्न सुटला. पडवी-माजघर आत्ताच पूर्ण, त्या दोन खोल्या दिवाळीनंतर चालतील.

लालमाती
मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते. कृपा करून जांभ्यात झिरी मारू नका. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, कटर लावला की कडा ढासळतात, आणि नंतर सिमेंटने भरलेला पट्टा चुन्याच्या गिलाव्याला धरत नाही. दोन पावसाळ्यांत तिथून फुगतो, ओल आत राहते ती वेगळीच. विटांच्या आणि सिमेंटच्या घरासाठी जी पद्धत आहे ती इथे आणायची गरज नाही. तुमच्या आजोबांनी वायर भिंतीवरून नेली ते योग्यच होतं.

पीव्हीसी केसिंग-कॅपिंग किंवा कंड्युट पाइप तुळईच्या कडेने आणि दाराच्या चौकटीला धरून न्या, बोर्डापर्यंत उभं खाली उतरवा. दिसतं, पण वाईट दिसत नाही. फायदा हा की उद्या काही बिघडलं तर झाकण काढून पाहता येतं. माळ्यावर मात्र उघडी वायर टाकूच नका, पाइपातूनच. उंदीर. फणस-काजू ठेवायच्या माळ्यावर तर नक्कीच. आणि वाशांना खिळे मारण्याऐवजी स्क्रू-सॅडल वापरायला सांगा, जुनं लाकूड फाटतं.

गिरगावची_गॅलरी
तुमचं स्वतंत्र घर आहे, नशीबवान आहात. आमच्या चाळीत खोलीतलं वायरिंग मी नवं केलं, पण जिन्याखालच्या मीटरच्या लाकडी फळीपासून खोलीपर्यंत येणारी मुख्य वायर सामायिक आणि जुनी. मालक म्हणतो तुम्ही करा, भाडेकरू म्हणतात मालकाने करावं. त्याच फळीखाली लोक सायकली नि जुन्या गाद्या ठेवतात. या विषयावर वेगळा धागा काढेन, इथे फाटे फोडत नाही.

सोनटक्का
काढाच. आधी गाद्या हलवा.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. १९२० च्या दशकातलं घर घेतलं तेव्हा तळघरात नॉब अँड ट्यूब वायरिंग दिसलं: चिनी मातीच्या गोट्यांवरून दोन वेगवेगळ्या सुट्या तारा जातात आणि लाकडातून जाताना चिनी मातीच्या नळीतून. अर्थिंग नाहीच. विमा देणाऱ्यांपैकी काहींनी सरळ नकार दिला, म्हणून ते काढावं लागलं. इथेही १९६५ ते १९७३ च्या सुमारास बांधलेल्या बऱ्याच घरांत ॲल्युमिनियम आहे, आणि दुखणं तुमच्यासारखंच, सांध्यांचं.

सांगण्यासारखी गोष्ट एवढीच की जुन्या लाइनवर अर्थिंग आणणं शक्य नसेल तिथे इथला कोड जीएफसीआय सॉकेट (गळती झाली की वीज तोडणारं) बसवू देतो, पण त्यावर 'अर्थिंग नाही' अशी चिठ्ठी चिकटवणं बंधनकारक. म्हणजे माणूस वाचतो, यंत्राला मात्र अर्थिंग मिळत नाही, आणि ते लपवायचं नाही. चिठ्ठीची ही पद्धत मला आवडली. तुमच्या त्या दोन खोल्यांतल्या बोर्डांवर दिवाळीपर्यंत लावायला हरकत नाही.

पडवीवाला
लावतो. आता अर्थिंगबद्दल सांगा. अंगणात हातभर खणलं की जांभा लागतो. वायरमन म्हणतो बोअरच्या पाइपाला जोडून टाकू.

जुनाफ्यूज
बोअरला किंवा नळाला नको. पाइपात मध्येच प्लास्टिकचा तुकडा कधी येईल सांगता येत नाही, आणि बिघाड झाला तर नळाला हात लावणारा माणूस सापडतो.

कोरडा जांभा वीज नीट वाहून नेत नाही, त्यामुळे जागा निवडणं महत्त्वाचं. मोरीचं पाणी मुरतं तिथे, किंवा माडाच्या आळ्याजवळ जिथे रोज शिंपण होतं. भिंतीपासून दीड मीटर तरी लांब. किमान अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी ओतायला फनेल. मीठ पाइप खातं, म्हणून हल्ली बेंटोनाइटची (ओल धरणाऱ्या मातीची) पूड वापरतात, जरा महाग पण मागे लागावं लागत नाही. एका पाइपाने भागलं नाही तर थोड्या अंतरावर दुसरा घालून दोन्ही जोडायचे. खड्डा बुजवायच्या आधी अर्थ टेस्टरने ओहम मोजून घ्या आणि आकडा पेटीच्या दारावर लिहून ठेवा. पाच वर्षांनी एप्रिलमध्ये पुन्हा मोजाल तेव्हा उपयोगी पडेल. पावसात मोजलेला आकडा नेहमी चांगलाच येतो.

जांभ्यात खूप कमी ओहम मिळणार नाहीत, आणि नुसत्या एमसीबीच्या भरवशावर ते पुरत नाहीत. २३० व्होल्टला वाटेत २० ओहम असतील तर बिघाडात साडेअकरा ॲम्पियरच वाहतील. १६ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि गीझरची टाकी जिवंत राहील. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी मात्र तेवढ्यावर क्षणात पडतो, म्हणजे वीज तोडतो. म्हणून कोकणात आरसीसीबीला पर्याय नाही.

पेठेतलावाडा
आरसीसीबी आणि एमसीबी एकच ना? आमच्याकडे तर नुसते एमसीबी आहेत.

जुनाफ्यूज
वेगळे. एमसीबी वायरीला वाचवतो: जास्त लोड, शॉर्ट सर्किट. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहतो आणि फरक पडला की तोडतो. तो माणसाला वाचवतो, पण लोड वाढला तर काही करत नाही. दोन्ही हवेत. एमसीबी वायरच्या मापाने घ्यायचा: दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला ६ किंवा १० ॲम्पियर, अडीचला १६, चारला २० किंवा २५. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणारा माणूस दिसला तर चहा पाजून घरी पाठवा.

पडवीवाला
प्रगती कळवतो. अर्थिंग झालं, माडाच्या आळ्याशेजारी. नवी पेटी बसली, चार जड लाइन नव्या आल्या, पडवी-माजघर पूर्ण नवं. वायर आयएसआय मार्कची, ९० मीटरच्या बंद गुंडाळ्या समोर उघडून घेतल्या. बिलावर मंजूर भार पाहिला तर अगदीच तोकडा निघाला, त्यामुळे परवानाधारक ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टसह महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज दिलाय.

अडचण आता ही: आरसीसीबी सारखा पडतो. दिवसा ठीक, पण संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा लावला की पडलाच. वायरमन म्हणतो पीस खराब आहे, बायपास करतो. आईही म्हणते पाहुण्यांसमोर अंधार नको.

जुनाफ्यूज
बायपास करू देऊ नका. एकच दिवा लावल्यावर पडतोय, म्हणजे पीस बहुधा चांगला आहे. मला उसन्या न्यूट्रलचा संशय आहे. त्या दिव्याचा फेज नव्या पेटीतून येतोय, पण न्यूट्रल जवळ सापडला म्हणून कुणीतरी दुसऱ्याच लाइनवरून घेतलाय. ती लाइन आरसीसीबीतून जात नसेल तर गेलेला करंट परत येताना दिसत नाही, आणि गळती नसतानाही तो पडणार. तुमच्या त्या 'कुणी ओढली माहीत नाही' पंपाच्या वायरीकडे बघा.

तपासायची रीत: मेन बंद. पेटीतल्या न्यूट्रल पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवा. नुसते एमसीबी खाली पाडून चालत नाही, ते फेजच तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. सगळी यंत्रं प्लगमधून काढा, बल्ब काढा, इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा करा, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) प्रत्येक लाइन अर्थशी मोजा. १ मेगाओहमच्या खाली आलेली लाइन वापरायची नाही.

लालमाती
इन्व्हर्टरचा मुद्दा महत्त्वाचा. कोकणात आता घरोघरी आहे आणि त्याचा न्यूट्रल हमखास भलतीकडे मिसळलेला असतो.

पडवीवाला
उसना न्यूट्रलच निघाला, आणि पंपाच्याच लाइनवरून! पंप जुन्या मेनवरून थेट होता. तो आता पेटीत घेतला, दिव्याला त्याचा स्वतःचा न्यूट्रल दिला. मेगर कणकवलीहून भाड्याने आणला. पीव्हीसीच्या दोन खोल्यांपैकी एक ठीक, दुसरीने सपशेल मान टाकली. माळ्यावर उंदरांनी हातभर वायर सोलली होती. ती लाइन कायमची बंद, खोलीत तूर्त माजघरातून टेबल फॅन.

पेटीत आता दोन आरसीसीबी आहेत, एक जड लाइनींना, एक दिवे-पंखे-फ्रिजला. जड लाइनींचा पडला तरी दिवे चालू राहतात, त्यामुळे आईचाही विरोध मावळला.

एडिसनकर
टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायला बाबांना सांगा. न दाबलेला आरसीसीबी आतून अडकून बसतो.

सोनटक्का
आणि विजांचं काय? तिकडे ऑक्टोबरात काय कडकडाट असतो.

जुनाफ्यूज
पेटीत सर्ज प्रोटेक्टर बसवता येतो, आता अर्थिंग आहे म्हणून त्याला अर्थही आहे. लांब कुठे पडलेल्या विजेची लाट तो बरीच झेलतो. घरावर किंवा समोरच्या खांबावरच पडली तर काही टिकत नाही. ढग वाजायला लागायच्या आत टीव्ही, राउटर, एसीचे प्लग काढणं हे अजूनही सगळ्यात खात्रीचं.

चतुर्थीचं राहिलं. मखराच्या माळांना एकच सॉकेट ठरवा, ते आरसीसीबीतून येणाऱ्या लाइनवरचं. एका मल्टिप्लगमध्ये दुसरा मल्टिप्लग नको. माळेच्या वायरी थर्माकोल-कापडाच्या मागे दाबू नका, आणि समई जिथे तेवते तिथून लांब न्या. खळ्यातल्या (अंगणातल्या) मांडवाच्या दिव्यांना उघडा पिळा मारून टेप गुंडाळतात, ते तुमच्याकडे करू देऊ नका. पाऊस असणारच.

पडवीवाला
मांडवाला वेगळी लाइन आणि पाणी न शिरणारे सॉकेट लावतोय. जुनी बेकेलाइटची बटणं काढून डब्यात ठेवलीत, लालमाती यांना हवी असतील तर सांगा.

लालमाती
हवीत! वापरायला नाही, दाखवायला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

कणकवलीकर_७
मेगर कुठे मिळाला? आणि हे काम ज्याने केलं त्याचा नंबर द्या, आमचंही घर असंच आहे.

पडवीवाला
नंबर इथे उघडा टाकत नाही, व्यनि केलाय. चतुर्थी होईपर्यंत तो मोकळा नाही, आधीच सांगून ठेवतो.